माहिती-समाजाचा सिद्धांत वाचताना त्यामागचं यंत्र ओळखा

निफाड तालुक्यातली एक विद्यार्थिनी जनसंज्ञापनात एम.ए. करतेय. तिच्या प्रबंधाचा विषय आहे नाशिक जिल्ह्यातले कांदा उत्पादक आणि मोबाइल. तिने विचारलंय: "मॅडम, माहिती-समाजाबद्दल वाचायला घेतलं की डॅनियल बेल एक सांगतो, कॅस्टेल्स दुसरं आणि हर्बर्ट शिलर तिसरंच. मार्गदर्शक म्हणतात, एक सैद्धांतिक चौकट निवड. कोणती निवडू? आणि तंत्रज्ञान बदललं की सिद्धांतही बदलणार असतील, तर त्यांच्यावर भरवसा किती ठेवायचा?"

हा विषय मी बरीच वर्षं शिकवतेय. त्याआधी जिल्ह्यात शेतीविषयक माहिती पोचवण्याचं काम केलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण सविस्तरच देते. माहिती-समाज म्हणजे माहिती तयार करणं, साठवणं, पाठवणं हे ज्याच्या केंद्रस्थानी आहे असा समाज. बेल, मॅन्युएल कॅस्टेल्स आणि शिलर हे त्याबद्दल लिहिणारे तीन सिद्धांतकार.

तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरू करू. माहिती-समाजाचा प्रत्येक मोठा सिद्धांत त्या त्या काळात नवीन असलेल्या एखाद्या यंत्राकडे बघत लिहिला गेलाय. तारेच्या, म्हणजे टेलिग्राफच्या काळात माहिती म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारा संदेश. संगणकाच्या काळात माहिती म्हणजे साठवायची, मोजायची, प्रक्रिया करायची वस्तू. इंटरनेट आलं आणि समाजच जाळ्यासारखा दिसू लागला. स्मार्टफोन आला तेव्हा माणूस म्हणजे विदा (डेटा) पुरवणारी खाण झाला. यंत्र जे ठळक दाखवतं तेच सिद्धांतकाराला आधी दिसतं आणि यंत्राच्या आड जे जातं ते सिद्धांतातूनही गळतं. म्हणून यातला एकही सिद्धांत खोटा नाही आणि एकही पुरेसा नाही. वाचताना दोन गोष्टी विचारायच्या: लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कोणतं यंत्र होतं, आणि त्या यंत्राने काय झाकलं?

हॅरॉल्ड इनिस आधी वाच. तुझ्या यादीत तो नाही, पण असायला हवा. इनिस कॅनडाचा अर्थशास्त्रज्ञ. आधी त्याने फरच्या व्यापारावर काम केलं, मग कॉड मासेमारीवर, नंतर लाकडाच्या लगद्यावर आणि कागदावर. कॅनडाच्या जंगलातलं लाकूड अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचा कागद होतं, त्या मालाचा माग काढत तो माध्यमांपर्यंत पोचला. १९५० आणि १९५१ साली आलेल्या त्याच्या दोन पुस्तकांत मांडणी अशी आहे: दगड, मातीच्या लेखपाट्या अशी जड माध्यमं काळावर मात करतात, पपायरस आणि कागदासारखी हलकी माध्यमं अंतरावर. ज्या समाजाच्या हाती जे माध्यम, तशी तिथली सत्ता. मालाच्या वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या माणसाला माध्यमाचं वजन पहिल्यांदा जाणवावं, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं.

ही मांडणी आपल्या पांडवलेण्यावर तपासून बघ. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या चीवरांसाठी (वस्त्रांसाठी) आणि इतर खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) कायम ठेव म्हणून ठेवले. २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दगडात कोरलं म्हणून हा करार सुमारे १९०० वर्षांनी आपण वाचतो. इनिसचं म्हणणं इथवर तंतोतंत खरं.

पण तोच लेख पुढे सांगतो की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवलं गेलं आहे आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं गेलं आहे. म्हणजे एकाच व्यवहारासाठी तीन माध्यमं कामाला लागली. सभेतला आवाज हजर असलेल्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना साक्षी ठेवण्यासाठी, फलकावरची नोंद व्याज वसूल करताना पुरावा म्हणून आणि दगड पुढच्या पिढ्यांसाठी. आवाज विरला, फलक गेला, दगड राहिला. आपल्याला दगडच दिसतो म्हणून तो समाज दगडाचा होता असं म्हणणं चूक ठरेल, कारण व्यवहार चालत होता तो सभा आणि नोंद यांच्या जोरावर. गोवर्धनातले विणकर काही माहिती-समाजात राहत नव्हते. तरी माहिती कुठे सांगायची, कुठे नोंदवायची आणि कुठे कायमची ठेवायची याची चोख व्यवस्था त्यांच्याकडे होती. 'माहिती' ही आपल्याच युगाची खासियत आहे असं कुणी म्हणालं की मी विद्यार्थ्यांना हा लेख वाचायला लावते.

आता तार. जेम्स केरी या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ मध्ये तारयंत्रावर एक निबंध लिहिला, तो मिळवून वाच. तार येण्याआधी संदेश घोड्याच्या, होडीच्या किंवा आगगाडीच्याच वेगाने जायचा, कारण तो कुणीतरी नेऊन द्यावा लागे. तारेने संदेश आणि वाहतूक यांची फारकत केली. माल जागेवरच आणि भाव मात्र पुढे गेलेला. त्यामुळे दोन गावांतल्या भावांतला फरक कमी होत गेला, आणि नफा कमावणाऱ्याची नजर जागेकडून काळाकडे वळली. वायदेबाजार, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे, फोफावला तो असा. वेळ सगळीकडे एक करण्याची गरजही रेल्वे आणि तारेनेच निर्माण केली. आपल्याकडे तार १८५५ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने आपला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नाही. यंत्र आलं म्हणजे समाज लगेच त्याच्यामागे निमूट जातो असं नाही, याचं हे मला फार आवडणारं उदाहरण आहे.

याच तारा-टेलिफोनच्या जगातून १९४८ मध्ये क्लॉड शॅननचा गणिती सिद्धांत आला. शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत होता. त्याच्यापुढचा प्रश्न असा की वाहिनीत गोंगाट असताना कमीत कमी चुकांसह जास्तीत जास्त संदेश कसे पाठवायचे. त्यासाठी त्याने माहितीला मोजमाप दिलं आणि संदेशाचा अर्थ हा अभियंत्याच्या प्रश्नाचा भाग नाही हे स्पष्ट लिहिलं. त्याच्या कामापुरतं ते बरोबरच होतं. गफलत नंतर झाली. समाजशास्त्रात ती आकृती जशीच्या तशी आली: पाठवणारा, वाहिनी, घेणारा. अर्थ बाहेर ठेवण्याची अटही तिच्याबरोबर नकळत आली.

लासलगावचं उदाहरण घेऊ. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टर ओळीने लागतात. लिलाव करणारा आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, बोली चढते, भाव फुटतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. थोड्याच वेळात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळ येते: उन्हाळ कांदा, आवक इतकी, किमान इतका, कमाल इतका, सरासरी इतका. संदेश बिनचूक पोचला. शॅननच्या हिशेबाने काम फत्ते. पण 'कमाल' हा आकडा कदाचित एकाच ट्रॉलीचा असतो. एकसारख्या आकाराचा, पत्ती धरलेला, चकाकी असलेला माल. बाकीच्या ट्रॉल्या सरासरीच्या आसपास आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किमानाजवळ. ग्रुपवर पुढे जातो आणि चहाच्या टपरीवर चर्चा होते तो मात्र कमालचाच. शेतकरी माल भरून येतो, हिशोबपट्टी हातात पडते आणि आपण फसलो असं त्याला वाटतं. आकडा खरा होता. आपल्या मालाशी त्याचं नातं काय, एवढंच त्या ओळीत नव्हतं. तुझ्या प्रबंधात 'माहिती पोचली' आणि 'माहिती कळली' यांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत घे.

बेलकडे येण्याआधी दोन अर्थशास्त्रज्ञांची नावं लिहून घे. १९६२ मध्ये फ्रिट्झ मॅखलुपने अमेरिकेतल्या ज्ञाननिर्मितीचा हिशेब मांडला आणि १९५८ च्या सकल राष्ट्रीय उत्पादनातला सुमारे २९ टक्के वाटा तिचा ठरवला. १९७७ मध्ये मार्क पोराटने सरकारी आकडेवारी घेऊन १९६७ साठी हाच वाटा ४६ टक्क्यांच्या आसपास काढला. डॅनियल बेलचं औद्योगिकोत्तर समाजावरचं पुस्तक १९७३ चं. कारखान्यातल्या कामगारापेक्षा सेवा आणि ज्ञानक्षेत्रातला माणूस महत्त्वाचा होतोय, असं तो म्हणत होता. पुढे १९७० चं दशक संपता संपता त्याने संगणक आणि दूरसंचार यांना मध्यभागी आणून 'माहिती-समाज' हीच संज्ञा वापरली. हे सगळे मोठ्या संगणकाच्या काळातले. संगणक जसा नोंदी वर्गवारीत टाकून बेरीज करतो, तसाच यांचा समाजही रकान्यांत मोजला गेला: माहितीचं काम करणारे इकडे, बाकीचे तिकडे.

मोजणीचा हा प्रकार नाशिकरोडला लावून बघ. इंडिया सिक्युरिटी प्रेस या सरकारी छापखान्याची सुरुवात १९२० च्या दशकातली. देशभरची टपाल तिकिटं तिथे छापली गेली, आता पासपोर्ट छापले जातात. पोराटच्या वर्गवारीत छपाईयंत्रावरचा कामगारही माहिती-कामगारांत येतो. मग प्रेसमधल्या कामगारांमुळे नाशिकरोड १९३० मध्येच माहिती-समाजात दाखल झालं म्हणायचं का? उलट बाजूने बघ. खळ्यावर बसून कांदा निवडणारी बाई डोळ्याने आणि बोटांनी ठरवते की कोणता कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टिकेल आणि कोणता आधी विकायला हवा. त्या निवडीवर घराचं वर्षाचं उत्पन्न अवलंबून असतं. वर्गवारीत ती शेतमजूर. अडत्याच्या पेढीवर पट्टी लिहिणारा मुनीम मात्र माहिती-कामगार. फ्रँक वेबस्टरने १९९५ मध्ये या सगळ्या सिद्धांतांचा आढावा घेतला. तंत्रज्ञान, अर्थव्यवस्था, व्यवसाय, जागा आणि संस्कृती असे पाच निकष त्याने वेगळे केले. माहिती वाढली म्हणजे समाजाची जातच बदलली, हे कोणत्याही मोजणीने सिद्ध होत नाही हा त्याचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. वाचनाचा नकाशा म्हणून त्याचंच पुस्तक हाताशी ठेव.

यात आणखी एक धागा आहे, तो पुष्कळ जणांच्या नजरेतून सुटतो. सिद्धांतही यंत्रं घडवतात. जपानमध्ये तादाओ उमेसाओने १९६३ मध्ये माहिती-उद्योगाची कल्पना मांडली. योनेजी मासुदा ज्या योजनेशी जोडलेला होता, तिने १९७२ मध्ये संगणकाधारित समाज हे राष्ट्रीय उद्दिष्ट म्हणून पुढे ठेवलं. फ्रान्समध्ये सिमॉन नोरा आणि अलाँ मिंक यांनी १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना अहवाल दिला. १९८२ पासून तिथल्या घरोघरी टेलिफोनला जोडलेलं मिनिटेल यंत्र पोचू लागलं आणि ती सेवा ३० जून २०१२ पर्यंत चालली. आधी पुस्तक, मग धोरण, मग यंत्र. 'तंत्रज्ञान सिद्धांत घडवतं' हे वाक्य प्रबंधात लिहिशील तेव्हा त्याची ही दुसरी दिशाही लिही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे उत्तर लिहायला बसले त्या गोष्टीकडे वळते.

१९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आकाशवाणी पुणे आणि युनेस्को यांनी मिळून रेडिओ फार्म फोरम नावाचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले होते आणि त्यात नाशिक होतं. १५० गावांत शेतकऱ्यांचे गट केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, एकूण २० कार्यक्रम. पद्धत कॅनडातून आणलेली होती. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे गट 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' या सूत्रावर चालत होते. इथेही कार्यक्रम संपल्यावर रेडिओ बंद करून गटाने बसून बोलायचं, आणि प्रश्न, शंका, ठरलेल्या गोष्टी लिहून आकाशवाणीला कळवायच्या.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी याचं मूल्यमापन केलं आणि त्याची आखणी फार शहाणपणाची होती. त्यांनी गट असलेली गावं घेतली, तशीच गट नसलेलीही घेतली. गट नसलेल्यांत काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. गटांच्या गावांत माहिती लक्षणीय वाढली. गट नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, वाढ नगण्य. गटांच्या गावांत विहिरी खोदायचं ठरलं, चांगल्या जातीचे वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, खरेदी-विक्री संघ निघाले, बालवाड्या सुरू झाल्या. न्यूरथ यांनी असंही नोंदवलं की हे गट हळूहळू निर्णय घेणारी मंडळं बनले.

यंत्र सारखंच, कार्यक्रम सारखे, भाषा तीच. फरक पडला तो ऐकल्यावर माणसं एकत्र बसली का, यामुळे.

हा निष्कर्ष हाती असतानाही पुढच्या दशकातली विकास-संज्ञापनाची, म्हणजे विकासासाठी माध्यमं वापरण्याची, बरीच मांडणी यंत्रांच्या संख्येवरच अडकली, याचं मला अजूनही वाईट वाटतं. १९६० च्या दशकात युनेस्कोने देशांसाठी किमान पातळी सांगितली: दर १०० माणसांमागे वर्तमानपत्राच्या १० प्रती, पाच रेडिओ संच, सिनेमागृहातल्या दोन खुर्च्या. डॅनियल लर्नर आणि विल्बर श्रॅम या अमेरिकी अभ्यासकांच्या लिखाणात माध्यमं म्हणजे आधुनिकतेकडे नेणारा वेग. आपल्याकडे फोरम १९५९ पासून देशभर नेले गेले, पण चर्चेसाठी लागणारा संयोजक, त्याचं प्रशिक्षण, पत्रांना उत्तर देणारी व्यवस्था हे सगळं रेडिओ संचासारखं मोजता येत नाही. जे मोजता येत नाही त्यासाठी तरतूदही होत नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २४०० गावांत दूरदर्शन पोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हाही पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यात भरली ती छतावरची जाळीची डिश.

आता तुझा मोबाइल. अर्थशास्त्रात रॉबर्ट जेन्सनचा २००७ मधला निबंध सगळे सांगतात. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ मध्ये टप्प्याटप्प्याने मोबाइल सेवा आली. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर भाव बरा आहे ते विचारू लागले. बंदराबंदरांतला भावातला फरक आटला, मासळी वाया जाणं थांबलं, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. सुंदर अभ्यास आहे. फक्त त्यातून 'फोन दिला की बाजार सुधारतो' असा सिद्धांत उचलला गेला, तो आपल्या जिल्ह्याला लागू पडत नाही. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत, भाव आणि हवामान एसएमएसने पाठवणाऱ्या एका सेवेचा परिणाम तपासला. तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात लक्षात घेण्याजोगा फरक त्यांना सापडला नाही.

का? होडीला समुद्रात दिशा बदलता येते. ट्रॅक्टर भरून पहाटे घरून निघालेला, येवल्याचा किंवा चांदवडचा शेतकरी लासलगावात भाव पडलेला बघून पिंपळगाव बसवंतला जाऊ शकतो, पण डिझेल, दिवस आणि भाड्याचं वाहन असेल तर त्याचं भाडं, सगळं अंगावर घेऊन. घरी न्यायचा तर पुन्हा भराई-उतराई. चाळ नसेल तर ठेवायचा कुठे? सोसायटीचा हप्ता, दुकानदाराची उधारी, मुलीची फी यांच्या तारखा भाव बघून येत नाहीत. भाव दोघांनाही एकाच सेकंदाला कळतो. त्यानंतर चाळ असलेला थांबतो आणि चाळ नसलेला विकतो.

कॅस्टेल्सचा मोठेपणा मला मान्य आहे. १९९६ पासून आलेल्या त्याच्या तीन खंडांत प्रवाहांचं अवकाश ही कल्पना आहे. सत्ता आता ठिकाणांत कमी आणि ठिकाणांना जोडणाऱ्या पैशाच्या, माहितीच्या, आदेशांच्या प्रवाहांत जास्त राहते. लासलगाव हे त्याच्या भाषेत जाळ्यातलं एक केंद्र, थेट दुबई, कोलंबो, ढाक्याशी जोडलेलं. ७ डिसेंबर २०२३ ची अधिसूचना आठव. केंद्र सरकारने कांदा निर्यातीवर ३१ मार्च २०२४ पर्यंत बंदी घातली आणि ती दुसऱ्या दिवसापासून लागू झाली. काही परिच्छेदांचा मजकूर दिल्लीत वेबसाइटवर आला आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर पोचला. भाव कोसळले, ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. वेग, जाळं, तत्काळ पोचणं, सगळं कॅस्टेल्स म्हणतो तसंच. पण बटण कुणाच्या हातात आहे हे जाळ्याच्या चित्रात नीट दिसत नाही. चित्रात सगळीच केंद्रं ठिपक्यांसारखी दिसतात. निर्णय घेणारा ठिपका आणि निर्णय झेलणारा ठिपका यातलं अंतर समजायला शिलरकडे जावं लागतं. माहिती कुणाच्या मालकीची, कुणाच्या गरजेसाठी तयार होते, कुणाला परवडते, हे तो १९६९ पासून विचारत होता, आणि त्याच्या पुस्तकांतली यंत्रं जुनी झाली तरी हा प्रश्न जुना झालेला नाही.

द्राक्षांकडेही थोडं वळ, प्रबंध कांद्यावर असला तरी. जेम्स बेनिगरने १९८६ मध्ये लिहिलं की माहिती-समाजाचं मूळ संगणकात नसून एकोणिसाव्या शतकातल्या नियंत्रणाच्या पेचात आहे. रेल्वे आणि कारखाने इतके वेगाने धावू लागले की त्यांना आवरायला नोंदी, तक्ते, वेळापत्रकं, कार्यालयं लागली. आपल्याकडे अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही प्रणाली २००६ मध्ये आली. निर्यातीची बाग नोंदवायची, नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, कीटकनाशकांचे अंश तपासायचे, पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग लागला पाहिजे. बेनिगर इथे शब्दशः उतरलेला दिसतो. आणि त्याच व्यवस्थेत २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली, क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते हेच. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतं. प्रत्येक प्लॉटची नोंद होती, प्रत्येक नमुन्याचा अहवाल होता, आणि नुकसान मात्र यादीबाहेरच्या रसायनाने केलं. यादी कोण ठरवतं आणि ती बदलल्याचं बागेपर्यंत कोण कळवतं, हा माहिती-समाजाचा खरा प्रश्न आहे असं मी मानते.

सर्वांत अलीकडची मांडणी पाळतीची. शोशाना झुबॉफचं २०१९ मधलं पुस्तक मोठ्या इंटरनेट कंपन्यांबद्दल आहे. आपल्या वागण्याच्या नोंदी गोळा करून त्यांवरून अंदाज बांधायचे आणि ते विकायचे, असा हा व्यवसाय. समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्सने त्याच्या कितीतरी आधी सांगितलं होतं की आधुनिक राज्यसंस्था नोंदी आणि देखरेखीशिवाय उभीच राहत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. पूर्वी तलाठी बांधावर येऊन, निदान यायला हवा होता, पीक नोंदवायचा. आता शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटो काढतो आणि नोंद सातबाऱ्यावर चढते. यात शेतकऱ्याच्या हाती अधिकार आला हे खरं आहे. नोंदीचं काम आणि ती चुकल्याची जबाबदारीही त्याच्याचकडे आली, हेही तितकंच खरं. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर रेंज शोधत फिरणाऱ्याला विचारलंस तर दोन्ही बाजू तो तुला मिनिटभरात सांगेल. झुबॉफची भाषा इथे सरसकट लावू नकोस. हा सरकारी नोंदींचा प्रकार आहे, जाहिरातीचा नाही. गिडन्स जास्त जवळचा.

मग चौकट कोणती? मार्गदर्शकांना एकच नाव हवं असेल तर शिलरचं दे आणि आखणी १९५६ च्या मूल्यमापनाची घे. कॅस्टेल्सचा उपयोग बाजाराचं वर्णन करताना कर, निष्कर्ष काढताना नको. बेल आणि पोराट संदर्भ-आढाव्यात दोन पानांत संपव.

आखणीबद्दल थोडं. फोन असलेले आणि नसलेले अशी तुलना ठेवू नकोस, फोन आता घरोघर आहे, त्यातून काही हाती लागणार नाही. स्वतःची कांदाचाळ असलेले आणि नसलेले अशी तुलना कर, आणि प्रत्येक गटात पुन्हा दोन भाग पाड: भावाची ओळ एकट्याने वाचून ठरवणारे, आणि शेतकरी उत्पादक कंपनीत, बचतगटात किंवा पारावर चर्चा करून ठरवणारे. न्यूरथ यांच्या गट असलेल्या आणि नसलेल्या गावांची ही आजची आवृत्ती होईल. घरात फोन कुणाच्या हातात असतो आणि कांदा निवडतं कोण, हे वेगळं विचार. बहुतेक घरांत ती दोन वेगळी माणसं निघतील. आणि 'तुम्हाला भावाची माहिती मिळते का' हा प्रश्न प्रश्नावलीतून काढूनच टाक, सगळे हो म्हणतील. त्याऐवजी ठरावीक एका दिवसाचा भाव सांगून विचार: हा कळला तेव्हा माल कुठे होता, त्यानंतर तुम्ही काय केलं, आणि दुसरं काही करायची सोय होती का?

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि पुढे दिवाळीच्या आसपासपर्यंत निघत राहतो. एकदाच जाऊन मुलाखती घेतल्यास तर थांबण्याचा आणि विकण्याचा निर्णय तुला दिसणारच नाही. त्यामुळे तीच घरं भरणीच्या वेळी एकदा, पावसाळ्यात एकदा आणि चाळ रिकामी होताना एकदा, अशी तिनदा तरी भेटावी लागतील. विद्यापीठाची मुदत यात बसते का, ते मार्गदर्शकांशी आत्ताच बोलून घे.